कोराडीची राख

कोणत्याही कारखान्याचा इतिहास म्हणजे त्यांतून निघालेल्या मालाचा इतिहास, अशी आपल्याकडे समजूत रूढ झाली आहे. गिरणीचा इतिहास सांगणारा किती वार कापड विणलें गेलें तें सांगतो; साखर-कारखान्याचा इतिहासकार पोत्यांची संख्या देतो; आणि वीज-केंद्राचा इतिहास लिहिणारा मेगावॉट व युनिट यांच्या आंकड्यांनीं पानें भरतो. माल बाजारांत गेला, त्याची किंमत आली, आणि हिशेब पुरा झाला. मालाबरोबर जें दुसरें कांहीं निर्माण झालें व ज्यास गिऱ्हाईक नव्हतें, तें कोठें गेलें, हें विचारण्याची चाल नाहीं. नागपूरजवळील कोराडीचें औष्णिक विद्युत् केंद्र इ. स. १९७४ मध्यें सुरू झालें. त्यास आतां अर्धशतक उलटून गेलें आहे. या अवधींत तेथील विजेचें प्रत्येक युनिट मोजलें गेलें, कारण तें विकावयाचें होतें. राखेच्या ढिगाची मोजदादही कागदोपत्रीं झाली असेल. परंतु त्या राखेंत काय आहे व तें कोणाच्या शेतांत, कोणाच्या विहिरींत उतरत आहे, हा प्रश्न पुष्कळ उशीरां विचारला गेला. त्या राखेचा, आणि विशेषेंकरून तींतील जड धातूंचा, इतिहास वाचकांपुढें मांडण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

कोराडी हें गांव नागपूरच्या उत्तरेस, सावनेर-छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चार-पांच कोसांच्या आंत आहे. त्याचें जुनें नांव जाखापूर होतें असें तेथील लोक सांगतात. तेथील जगदंबेचें मंदिर सगळ्या विदर्भांत प्रसिद्ध असून, देवी सकाळीं बालिकेसारखी, दुपारीं तरुणीसारखी व सायंकाळीं वृद्धेसारखी दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गांवाजवळची कोलार नदी थोड्याच अंतरावर कन्हान नदीस मिळते. पेंच नदीही त्याच टापूंत कन्हानेस येऊन मिळते. कन्हान पुढें कामठीवरून वैनगंगेकडे जाते, आणि हें सर्व पाणी शेवटीं गोदावरीचें होतें. नागपूर शहरास पिण्याच्या पाण्याचा जो पुरवठा होतो, त्यांतील एक मोठा वांटा याच कन्हानेचा आहे. भोंवतालची जमीन बहुतेक काळी. तींत कापूस, तूर, गहूं, सोयाबीन, संत्रीं, आणि शहराच्या बाजारासाठीं लागणारा भाजीपाला पिकतो. थोडक्यांत सांगावयाचें तर, या टापूंत जें जमिनीवर पडेल तें पाण्यांत उतरण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि जें पाण्यांत उतरेल तें कोणाच्या तरी ताटांत किंवा तांब्यांत गेल्यावांचून राहात नाहीं.

या काळ्या जमिनीखालीं दुसरा एक काळा पदार्थ दडलेला आहे. त्याच्या शास्त्रीय इतिहासाचा आरंभ एका मिशनऱ्यापासून करावा लागतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश धर्मोपदेशक इ. स. १८४५ मध्यें नागपुरास आला. धर्मप्रसाराबरोबरच दगड, शंख, हाडें व झाडपाल्याचे अश्मीभूत ठसे गोळा करण्याचा त्यास मोठा नाद होता. रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्यासह त्यानें नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांचें जें वर्णन १८५५ च्या सुमारास लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढें ठेविलें, तें आजही मध्य-भारताच्या भूगर्भशास्त्राचा पाया म्हणून सांगितलें जातें. कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्मांतून त्यानें प्राचीन वनस्पतींचे ठसे मिळविले. १८६३ मध्यें टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहून परत येत असतां ओढ्याच्या पुरांत त्याचा अंत झाला. नागपुरांतील हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नांवें चालतें. पुढें भूगर्भशास्त्रांत कामठीचें नांव एका खडक-समूहास मिळालें, आणि गोंडवन ही आमच्या प्रांताची संज्ञा तर साऱ्या दक्षिण गोलार्धाच्या प्राचीन भूखंडास दिली गेली. ज्या सिलेवाड्यास हिस्लॉप पानांचे ठसे शोधीत फिरला, तें नांव आज कोळशाच्या खाणीचें नांव म्हणून अधिक परिचित आहे.

हा गोंडवनी कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या अरण्यांचा अवशेष होय. त्या अरण्यांच्या दलदलींत नद्यांच्या पुरानें वारंवार गाळ येऊन पडे. झाडपाला व गाळ हीं दोन्हीं एकमेकांत इतकीं मिसळून गेलीं कीं, कोळसा धुऊन काढला तरी तीं पुरतीं वेगळीं होत नाहींत. म्हणूनच आपल्या कोळशांत राखेचें प्रमाण सामान्यतः शेंकडा तीस ते पंचेचाळीस असतें. त्या गाळांत डोंगरांच्या खडकांतून झिजून आलेले धातु होते; वनस्पतींनीं आपल्या मुळांनीं शोषून घेतलेले कांहीं होते; आणि दलदलीच्या कुजक्या पाण्यांत गंधकाशीं संयोग पावून थिजलेले कांहीं होते. शिसें, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तसेंच ज्यांस काटेकोर शास्त्रानें उपधातु म्हणावें लागेल तीं आर्सेनिक व सेलेनियम, हीं सर्व द्रव्यें कोळशांत अत्यल्प प्रमाणांत असतातच. तीं तेथें असणें हा कोणाचा अपराध नव्हे. जमिनीच्या पोटांत तीं कोट्यवधि वर्षें निरुपद्रवी अवस्थेंत पडून होतीं. कोळसा जाळल्यावर मात्र त्यांतील जळणारा भाग निघून जातो आणि न जळणारें सर्व मागें राहातें. शंभर किलो कोळशांतील धातु पस्तीस किलो राखेंत आले म्हणजे त्यांचें प्रमाण जवळजवळ तिपटीनें वाढतें. शिवाय आर्सेनिक, सेलेनियम, शिसें व कॅडमियम भट्टीच्या उष्णतेनें वाफ होऊन वर जातात आणि धूर थंड होऊं लागला म्हणजे राखेच्या अतिसूक्ष्म कणांच्या पृष्ठभागावर बसतात. जे कण सर्वांत बारीक, तेच सर्वांत अधिक धातु वाहून नेतात. आणि जे सर्वांत बारीक, तेच वाऱ्यानें लांब जाऊन श्वासांतून खोलवर शिरतात. पाऱ्याचा बराच भाग तर राखेंत न थांबतां धुराड्यांतून वाफेच्या रूपानेंच बाहेर पडतो.

धातूंच्या या विषारी स्वभावाची ओळख आपल्या लोकांस नवी आहे असें मात्र नाहीं. कोराडीच्या ईशान्येस रामटेक आहे. तेथील एका टेकडीशीं लोकपरंपरेनें नागार्जुनाचें नांव जोडलें आहे. रसविद्येचा आचार्य नागार्जुन व बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन हे एक कीं दोन, या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, पारा हाताळणाऱ्यांची एक परंपरा या भूमीनें आपली मानली, आणि त्या परंपरेंत अशुद्ध पारा हें उघडउघड विष गणलें गेलें. पाऱ्याचे जे दोष रसग्रंथांत मोजले आहेत, त्यांत पहिलाच दोष नाग म्हणजे शिसें हा आहे. सोमल गुंजेनें तोलला जाई, आणि तोलणारा हात धुऊन मगच दुसऱ्या कामास लागे. शेंदूर म्हणजे शिशाचेंच भस्म. वैऱ्यानें शेंदूर खाऊं घातला म्हणून गवयाचा आवाज कायमचा गेला, अशा गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगितल्या जात. रसवैद्यांच्या साऱ्याच समजुती आजच्या कसोटीस उतरतील असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या कित्येक औषधांविषयीं आजचें वैद्यक साशंक आहे, व तें योग्यच आहे. तथापि एक विवेक त्यांच्याजवळ खास होता: धातु मोजून घ्यावा, बंद ठेवावा, आणि त्याचा राखणदार कोण तें ठरलेलें असावें. कोराडीच्या राखेच्या बाबतींत नेमका हाच विवेक सुटला.

विजेचा इतिहास थोडक्यांत असा. कोराडीशेजारच्या खापरखेडा येथें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच कोळशावर चालणारें एक लहान वीज-केंद्र उभें राहिलें होतें. कोळसा पायाशीं, पाणी उशाशीं, आणि नागपूर हाकेच्या अंतरावर. अशी जागा शोधून सांपडती ना. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य व त्याचें विद्युत् मंडळ हीं दोन्हीं अस्तित्वांत आलीं, आणि शेतीपंप व कारखाने यांची मागणी वाढूं लागली. कोराडीचा पहिला १२० मेगावॉटचा संच १९७४ मध्यें चालू झाला. त्यामागून तसलेच आणखी तीन, मग २०० मेगावॉटचा एक, व १९८३ पर्यंत २१० मेगावॉटचे दोन, असे सात संच झाले. खापरखेड्यास १९८९ पासून नवें केंद्र वाढत गेलें व त्याची शक्ति पुढें १३४० मेगावॉट झाली. २००५ मध्यें विद्युत् मंडळाचें विभाजन होऊन हीं केंद्रें महानिर्मिति कंपनीकडे गेलीं. कोराडीचे जुने संच बहुतेक बंद झाले. त्यांच्या जागीं २०१५ ते २०१७ या काळांत ६६० मेगावॉटचे तीन अवाढव्य संच आले. येथें झालेली वीज तारांवरून शेंकडों कोस जाते. पुण्या-मुंबईच्या दिव्यांतही ती असते. राखेस मात्र तारा नाहींत. ती जेथें झाली तेथेंच, खसाळा, वारेगांव यांसारख्या खेड्यांच्या शिवारांत, बंधारे घालून सांठविली गेली.

ही राख किती, याची कल्पना यावी म्हणून एक साधें गणित करून पाहूं. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण शक्तीनें अहोरात्र चालला तर एक कोटि अठ्ठावन्न लक्ष युनिटें वीज होते. दर युनिटास सुमारें ६५० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसास दहा हजार टनांवर कोळसा लागेल, आणि शेंकडा पस्तीस या मानानें त्यांतून सुमारें ३,६०० टन राख निघेल. आतां या राखेच्या दर किलोंत केवळ दहा मिलिग्रॅम आर्सेनिक आहे असें उदाहरणादाखल धरूं. दहा मिलिग्रॅम म्हणजे फार नव्हे. साध्या शेतमातींतही आर्सेनिक याच्या आसपास असूं शकतें. तरीही एका दिवसाच्या राखेंत तें ३६ किलो भरेल. सोमल ज्या गुंजेनें तोलीत त्या गुंजेच्या हिशेबानें या सुमारें तीन लक्ष गुंजा झाल्या. आणि हें एका संचाचें एका दिवसाचें. राखेचा बचाव करणारे मुठीएवढी राख पुढें करून म्हणतात, पाहा, हींत मातीहून निराळें तें काय? त्यांचें म्हणणें मुठीपुरतें पुष्कळसें खरेंही असतें. परंतु प्रश्न मुठीचा नसून डोंगराचा आहे. आणि हा डोंगर चाळून, भाजून, अतिसूक्ष्म करून पाण्यांत कालवून ठेवलेला आहे. खडकांत बंद असलेला धातु व पिठासारख्या कणाच्या अंगाला चिकटलेला धातु यांत, तिजोरींतलें धन व रस्त्यावर मांडलेलें धन यांच्याइतकाच फरक असतो.

येथें आमच्या शेतकऱ्यांस चकविणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे 'राख' हा शब्दच. राख आपल्याकडे कधींच अपवित्र मानली गेली नाहीं. देवीचा अंगारा राखेचा, बैराग्याचें भस्म राखेचें, दांत घासावयाची राखुंडी राखेची. भांडीं राखेनें लखलखतात, धान्यांत राख मिसळली म्हणजे कीड लागत नाहीं, आणि परसांतल्या वांग्यांवर मावा पडला तर म्हातारी माणसें चुलींतली राखच भुरभुरवितात. लांकडाची किंवा गोवरीची राख शेतांत टाकणें हें शहाणपणाचेंच काम आहे. कारण झाडानें दोन-चार वर्षांत मातींतून जें घेतलें, विशेषतः पालाश व चुना, तेंच त्या राखेनें मातीस परत मिळतें. ती घेतल्या उसनवारीची फेड होय. कोळशाच्या राखेची गोष्ट तशी नाहीं. ती पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचा गाळ आहे. आजच्या शेतानें तिचें कांहीं घेतलेलें नाहीं, तेव्हां तिनें परत देण्याचेंही कांहीं नाहीं. भारी जमीन भुसभुशीत करण्यास ती थोड्या प्रमाणांत उपयोगी पडते असे प्रयोग झाले आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण परीक्षा केलेली राख मोजून घालणें वेगळें, आणि फुटलेल्या बंधाऱ्यानें ती विचारल्यावांचून शेतांत आणून सोडणें वेगळें.

शेतांत आलेल्या धातूचें पुढें काय होतें? काळ्या मातीचा चिकणकण धातूंस धरून ठेवण्यांत मोठा पटाईत असतो. शिसें, कॅडमियम, जस्त, निकेल हीं द्रव्यें पाण्यांत धनभाराचे अणु होऊन वावरतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋणभार असतो, व तिचा क्षारधर्मही या धातूंस विरघळूं देत नाहीं. म्हणून हीं द्रव्यें वरच्या थरांतच अडकून पडतात. हा एका अर्थीं बचाव आहे. पण हाच सांठाही आहे, कारण धातु कुजत नाहीं, उडून जात नाहीं, आणि पिढ्या गेल्या तरी जुना होत नाहीं. खत कुजतें, कीटकनाशकेंही बहुतेक कालांतरानें विघटित होतात. शिसें मात्र शिसेंच राहातें. आर्सेनिक, सेलेनियम व क्रोमियमचें एक घातक रूप यांची चाल उलट आहे. तीं ऋणभाराचीं असल्यामुळें क्षारधर्मी पाण्यांत मोकळीं फिरतात, आणि आपल्याकडील राख व आपली काळी जमीन हीं दोन्हीं बहुधा क्षारधर्मीच. त्यामुळें एक टोळी मातींत दबा धरून बसते व दुसरी विहिरींत उतरते. ज्यानें केवळ विहीर तपासली त्यास पहिली दिसत नाहीं, आणि ज्यानें केवळ माती तपासली त्यास दुसरी.

पिकांतही सारखेपणा नाहीं. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात. पाणी सांठवून केलेल्या धानाच्या बांधींत मातींतील आर्सेनिक मोकळें होऊन मुळांवाटे दाण्यांत जातें. शिसें मुळांपाशींच अडतें, पण वाऱ्यानें आलेली शिसेंयुक्त धूळ पानांवर बसते व नीट न धुतलेल्या भाजीबरोबर पोटांत जाते. राखमिश्रित जमिनींत वाढलेल्या शेंगवर्गीय चाऱ्यांत मॉलिब्डेनम वाढलें तर जनावरांच्या अंगीं तांब्याची उणीव पडते. वरून चारा हिरवागार आणि आंत जनावर खंगत चाललेलें, असा देखावा होतो. पाऱ्याचा मार्ग आणखी निराळा. तळ्यांच्या व नद्यांच्या चिखलांतील सूक्ष्म जंतु त्याचें अधिक घातक संयुग करितात, तें लहान माशांतून मोठ्या माशांत सांचत जातें, आणि शेवटीं मासे मारून पोट भरणाऱ्या भोई-ढिवरांच्या घरांत पोंचतें. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत पाऱ्याची मर्यादा लिटरमागें ०·००१ मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे एक ग्रॅम पारा दहा लक्ष लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत आणून ठेवतो. आर्सेनिक व शिसें यांस ०·०१, कॅडमियमास ०·००३. इतक्या बारीक मापाचें विष रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून कोणासही ओळखतां यावयाचें नाहीं. राखेनें पांढुरकें झालेलें पाणी निवळलें म्हणजे लोक तें शुद्ध झालें असें समजतात.

हे धातु किती सावकाश घात करितात याचें उदाहरण पाहण्यासाठीं थोडें दूर जावें लागेल. जपानांत जिंझू नदीच्या वरच्या खोऱ्यांत कामिओका नांवाची जस्ताची खाण होती. तिचें कॅडमियममिश्रित पाणी नदींत जाई व नदीचें पाणी भातशेतांत. तो भात वर्षानुवर्षें खाल्ल्यानें मुख्यतः उतारवयाकडे झुकलेल्या बायकांचीं हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं साध्या खोकल्यानें तीं मोडत. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगास 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतें, दुखतें', असें नांव पडलें. जपानी सरकारनें त्याचें कारण कॅडमियम हें १९६८ मध्यें मान्य केलें. शेतांची नासलेली माती बदलण्याचें काम त्यानंतर १९७९ मध्यें सुरू झालें आणि तें २०१२ पर्यंत चाललें. तेथें खाण होती, येथें राख आहे. तेथील प्रमाण व येथील प्रमाण एक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नदी, शेत आणि ताट यांची सांखळी मात्र दोन्हीं ठिकाणीं तीच आहे. आणि माती नासण्यास जितकीं वर्षें लागतात तितकींच ती सुधारण्यासही लागतात, हा धडा प्रमाणावर अवलंबून नाहीं.

कोराडीच्या बाबतींत या प्रश्नास वाचा फुटली ती अलीकडे. नागपूरचें सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र व असर या संस्थांनीं कोराडी व खापरखेडा यांच्या भोंवतालच्या गांवांतून पाण्याचे व राखेचे नमुने घेऊन २०२१ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. पारा, आर्सेनिक, शिसें, सेलेनियम इत्यादि द्रव्यें नमुन्यांत आढळलीं व कांहीं ठिकाणीं तीं ठरविलेल्या मर्यादेबाहेर होतीं, असें त्यांत नमूद आहे. २०२२ च्या फेब्रुवारींत तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनीं नांदगांव येथील राखेच्या तळ्याची पाहणी केली व तेथें राख टाकणें थांबविण्यास सांगितलें. आणि त्याच वर्षीं १६ जुलै रोजीं, मोठ्या पावसांत, खसाळा येथील कोराडी केंद्राचा राखेचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा नाल्यांतून व शेतांतून कोलार नदींत आणि तेथून कन्हानेंत गेला. नागपूरच्या पाणीपुरवठ्यासही त्याची झळ लागली. खेड्यांतील लोक वर्षानुवर्षें जें सांगत होते तें शहरास एका दिवसांत कळलें, कारण या वेळीं तें शहराच्या नळापर्यंत आलें होतें.

कायद्याची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. घातक टाकाऊ पदार्थांविषयीं आपले जे नियम आहेत, त्यांच्या अनुसूचींतून कोळशाची राख वगळलेली आहे. वगळण्याचें कारण असें दिलें आहे कीं, ती 'आकारमानानें मोठी, परिणामानें अल्प' अशा वर्गांतली आहे. या वर्गीकरणांत मुठीचा न्याय डोंगरास लावला आहे. परिणाम अल्प हें दर किलोस खरें असेल. पण किलोंची संख्या कोट्यवधि झाली म्हणजे अल्पाचें अल्पत्व कोठें राहिलें? केंद्र सरकारनें १४ सप्टेंबर १९९९ रोजीं राखेचा उपयोग विटा, सिमेंट, रस्ते यांत करण्याविषयीं पहिली अधिसूचना काढली, आणि पुढें अनेक दुरुस्त्या होऊन ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनें सर्व राखेचा उपयोग ठराविक मुदतींत करण्याची सक्ति केली. हें पाऊल चांगलेंच आहे. सिमेंटांत व विटेंत गेलेले धातु बऱ्याच अंशीं बांधले जातात. परंतु नव्या राखेस गिऱ्हाईक मिळालें म्हणून जुनी राख नाहींशी होत नाहीं. अमेरिकेंत टेनेसी राज्यांतील किंग्स्टन येथें २२ डिसेंबर २००८ रोजीं असाच बंधारा फुटून सुमारें ४१ लक्ष घनमीटर ओली राख बाहेर पडली. त्यानंतर २०१५ मध्यें तेथें नियम झाले. त्यांतही राखेस घातक म्हटलें नाहीं. तरी नव्या तळ्यांस अस्तर घालणें, भोंवतालच्या भूजलाची नियमित तपासणी करणें आणि तिचे आंकडे लोकांपुढें मांडणें हें मात्र सक्तीचें झालें. तेव्हां नांव काय द्यावें याच्या वादापेक्षां पहारा कोणी ठेवावा याचा निर्णय अधिक महत्त्वाचा, हें उघड आहे.

यावर एक आक्षेप येईल, व तो प्रामाणिकपणानें घेतला जातो म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. वीज नको असें म्हणणारा कोण आहे? ज्या शेतकऱ्याच्या विहिरीविषयीं आम्ही बोलत आहों, त्याच विहिरीवरचा पंप विजेवर चालतो. शिवाय विहिरींतील प्रत्येक धातूचें खापर राखेवर फोडतां येणार नाहीं. खडक, शहराचें सांडपाणी आणि स्फुरदयुक्त खतांतून येणारें कॅडमियम हींही कारणें आहेत. हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण म्हणूनच तर तपासणी हवी. कारणें अनेक असलीं कीं कोणाकडेच बोट दाखवितां येत नाहीं, आणि ज्याच्याकडे बोट दाखवितां येत नाहीं तो निश्चिंत राहातो. विजेच्या दरांत कोळशाची किंमत धरली जाते, यंत्रांची झीज धरली जाते, कर्जाचें व्याज धरलें जातें. पन्नास वर्षांच्या राखेच्या राखणीचा खर्च मात्र खसाळ्याच्या शेतानें व कोलारच्या काठानें मुकाट्यानें सोसला. जी वस्तु साऱ्या महाराष्ट्रानें वापरली, तिची बाकी दहा-वीस खेड्यांच्या नांवें टाकणें हा न्याय नव्हे.

२०२३ च्या मे महिन्यांत कोराडी येथेंच ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याविषयीं जनसुनावणी झाली. नवीन संच असावे कीं नसावे, यावर मतें भिन्न असूं शकतील. आमचें मागणें त्याच्या अलीकडचें आहे. जुन्या प्रत्येक बंधाऱ्याची नोंद, त्यांतील राखेचें वजन व तिच्या परीक्षेचा निकाल हीं एका वहींत येऊं द्यावींत. भोंवतालच्या गांवांतील विहिरी व शेतमाती पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर, दरवर्षीं, तपासल्या जाव्यात. आणि तो निकाल मराठींत, ज्याच्या विहिरीचा त्यास समजेल अशा शब्दांत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. ज्या विहिरीचें पाणी मर्यादेबाहेर असेल तिच्या मालकास दुसरें पाणी त्याच आठवड्यांत मिळावें. दोष कोणाचा याचा निवाडा मागाहून होऊं द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचें, केंद्र बंद पडल्यावर त्याच्या राखेचा धनी कोण, हें आजच लेखी ठरावें. संचाचें आयुष्य तीस-चाळीस वर्षांचें, कंपनीचें कदाचित् त्याहून थोडें अधिक. शिशाच्या आयुष्यास मर्यादा नाहीं. कोराडीचे पहिले चार संच केव्हांच मोडींत गेले. त्यांनीं जाळलेल्या कोळशांतील धातु मात्र अजून त्याच शिवारांत आहेत, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी कोणत्या दप्तरांत लिहिलेली आहे, हें तेथील शेतकऱ्यास विचारलें तर त्यास सांगतां येत नाहीं.